राजेश्वरीताईंचा आवाज कुणी नेला?

१

सोमवारी सकाळी श्राव्य ग्रंथालयाचे प्रमुख रणधीर मोटे यांनी संगणकावर 'राजेश्वरी' नावाचं फोल्डर उघडलं आणि ते खुर्चीतून उठून उभेच राहिले.

त्या फोल्डरमध्ये कित्येक वर्षांची पुस्तकं होती. इतिहास, समाजशास्त्र, व्याकरण, मराठी कादंबऱ्या. सगळी एकाच बाईच्या आवाजात वाचलेली. आता तळाला थोड्या फायली उरल्या होत्या. बाकी सगळं गेलं होतं.

बालाघाट विद्यापीठ भूम गावाच्या बाहेर, माळावर आहे. आसपासच्या तालुक्यांतून अंध मुलंमुली इथं शिकायला येतात, ती या ग्रंथालयामुळे. ग्रंथालयातल्या सहायक राजेश्वरी तांबारे रोज काम संपलं की मागच्या खोलीत बसून त्यांच्यासाठी मोठ्यानं वाचायच्या, आणि ते वाचन संगणकात साठवलं जायचं. गेल्या वर्षी राजेश्वरीताईंना घशाचा कर्करोग झाला. सोलापूरला शस्त्रक्रिया झाली, स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. त्यामुळे जे पुसलं गेलं, ते पुन्हा वाचून भरून काढायची सोय उरली नव्हती.

मोटे सरांनी संघप्रिया ओव्हाळ यांना बोलावलं. विद्यापीठाच्या संगणकांची सुरक्षा त्यांच्याकडे होती. चाळिशी ओलांडलेल्या, हळू बोलणाऱ्या बाई. 'आपला पासवर्ड कुणालाही सांगू नका' अशा पाट्या त्यांनी प्रत्येक विभागात लावल्या होत्या. लोक त्या पाट्यांच्या खिळ्याला छत्र्या अडकवायचे.

"बॅकअप आहे ना?" मोटे सरांनी घाईनं विचारलं.

"आहे, पण तो याच सर्व्हरला जोडलेला. इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं. वेगळ्या बॅकअपसाठी मी तीनदा लिहून दिलंय, सर."

त्या पत्रांवर 'पुढील वर्षी पाहू' हा शेरा मोटे सरांच्याही सहीनं गेला होता.

संघप्रियांनी सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. फायली शनिवारी दुपारी गेल्या होत्या. बाहेरून कुणी घुसलेलं नव्हतं. याच इमारतीतून, मुलं जिथं बसून ऐकतात त्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या संगणकावरून हे झालं होतं. लॉगिनच्या रकान्यातलं नाव वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

फायली पुसणारीचं नाव होतं, राजेश्वरी तांबारे.

२

"त्या बिचाऱ्या बाईचं नाव वापरलंय कुणीतरी," कुलसचिव शांतलिंग स्वामी म्हणाले. "मला विचाराल तर हा उत्कर्ष. संगणक प्रयोगशाळेतला कंत्राटी पोरगा. शनिवारी दुपारी त्याच खोलीत हेडफोन दुरुस्त करत होता. शुक्रवारी बैठक आहे, त्याच्या आत त्याला कमी करू आणि पोलिसांत तक्रार देऊ."

"शुक्रवारपर्यंत मला पाहू द्या, साहेब. नाव चुकलं तर एका पोराचं आयुष्य जाईल."

स्वामी साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला. "शुक्रवारपर्यंत. पुढं मला जमणार नाही."

उत्कर्ष देशमाने ढोकीचा. राजेश्वरीताईंच्या शस्त्रक्रियेनंतर तो इथं लागला होता. संघप्रिया संगणक प्रयोगशाळेत गेल्या तेव्हा तो घाईनं उभा राहिला. खोलीतले सगळे संगणक बंद होते, एक तेवढा चालू. त्याचा पंखा घरघरत होता आणि पेटीवर हात ठेवला तर चटका बसावा इतकी ती तापली होती.

"याच्यावर काय चालू आहे?"

"ते... व्हायरस तपासायलोय, मॅडम."

"बरं. शनिवारी ऐकायच्या खोलीत कोण कोण होतं?"

"मोटे सर येऊन गेले. राजेश्वरीताई ड्युटीवर. निकिता, हर्षाली आन् पहिल्या वर्षाची पोरं ऐकत बसलेली." तो जरा थांबला. "मॅडम, आमी काय पुसलं न्हाय. आईची शपथ."

"पुसलं नाहीस हे खरं वाटतंय मला," संघप्रिया म्हणाल्या. "पण काहीतरी लपवतोयस, हेही."

उत्कर्षनं मान खाली घातली.

मोटे सरांकडं त्या गेल्या तेव्हा ते हताश होऊन बसले होते. फायली मंगळवारी एका कंपनीला द्यायच्या होत्या, असं त्यांच्याकडून कळलं. कंपनी त्या आवाजावरून संगणकाला बोलायला शिकवणार होती. एकदा शिकला की कुठलाही मजकूर द्या, तो राजेश्वरीताईंच्या आवाजात बोलणार. बदल्यात ग्रंथालयाला नवी यंत्रं मिळणार होती.

"नमुनाही पाठवलाय त्यांनी. मी आधी दिलेल्या थोड्या जुन्या फायलींवरून केलाय. ऐका तर." सरांनी मोबाइल पुढं केला.

खोलीत एकदम राजेश्वरीताई बोलू लागल्या. तोच स्वच्छ, आईसारखा आवाज. "शेतकरी बंधूंनो, पाणी कितीही खोल असो, आमची मोटार ते वर आणणारच! आजच घरी न्या!"

संघप्रियांनी मोबाइल बाजूला सारला. "हे मुलांना ऐकवलंत?"

"गुरुवारी. म्हटलं, खूश होतील. पण कुणी काहीच बोललं नाही हो. माना खाली घालून बसली."

"आणि राजेश्वरीताईंना विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं?" सरांना खरोखरच नवल वाटलं. "विद्यापीठाच्या खोलीत, विद्यापीठाच्या माइकवर वाचलंय. आवाज विद्यापीठाचाच झाला की."

संघप्रिया उत्तर देणार, इतक्यात दार लोटून राजेश्वरीताई आत आल्या. गळ्याभोवती सुती रुमाल, हातात त्यांची नेहमीची पांढरी पाटी. पाटीवर काळ्या पेननं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

'फायली मी पुसल्या. कुणाला त्रास देऊ नका.'

३

संघप्रियांनी त्यांना आपल्या खोलीत नेलं. थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. राजेश्वरीताई चहा अगदी हळू पितात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनीही आपला कप हळूहळू संपवला. कुणीच घाई केली नाही.

"का पुसल्या, ताई?"

पाटीवर अक्षरं उमटली. 'दिवसभर माझाच आवाज कानावर येतो. सोसवत नाही.'

हे खोटं नसावं. तरी संघप्रियांनी पुढं विचारलं, "किती पुसल्या?"

'सगळ्या.'

"एकही ठेवली नाही?"

राजेश्वरीताईंनी ठामपणे मान हलवली आणि 'सगळ्या' या शब्दाखाली रेघ ओढली.

संघप्रियांनी कप खाली ठेवला. "ताई, थोड्या फायली अजून तिथंच आहेत. ज्यानं हे केलं त्याला ते माहीत असणार. तुम्हाला माहीत नाही."

राजेश्वरीताईंचा चेहरा पडला. त्यांनी पाटी पुसायला घेतली, आणि पुसून झाल्यावरही हातातलं फडकं तसंच फिरत राहिलं.

"तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय. म्हणजे तुमचा पासवर्ड कुणाला माहीत आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. नाव सांगाल?"

बराच वेळ पेन पाटीवर टेकलेलं राहिलं. मग राजेश्वरीताईंनी लिहिलं, 'नाही.' आणि त्याखाली लहान अक्षरात, 'मला काढून टाका. माझी नोकरी तशीही आता उपकाराची आहे.'

"असं कोण म्हणतं?"

राजेश्वरीताई उठल्या, संघप्रियांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि निघून गेल्या.

संघप्रिया एकट्याच बसल्या. शिक्षा आपल्या अंगावर ओढून घ्यावी इतकं त्या बाईला कोण जवळचं होतं? आणि त्या माणसानं काही फायली मागं का ठेवल्या?

४

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेल्या फायली एकेक करून तपासल्या. पुस्तकं निवडून पुसली असतील असं त्यांना वाटलं होतं. तसं नव्हतं. इतिहासाच्या पुस्तकाचे सुरुवातीचे धडे गेले होते आणि मधल्याच एका धड्यापासून शेवटपर्यंतचे तसेच होते. पुस्तक हवं असणारा माणूस अर्धं पुस्तक नेत नाही.

त्यांनी तारखा पाहिल्या. मग सगळा गुंता सुटला. शस्त्रक्रियेआधीच्या आषाढापर्यंत वाचलेलं सगळं गेलं होतं, आणि त्यानंतरचं सगळं राहिलं होतं.

आषाढात काय झालं होतं? राजेश्वरीताईंचा त्रास उघडकीला आला दिवाळीनंतर. ऑफिसच्या कागदांतही तसंच होतं. संघप्रियांनी हेडफोन लावून आषाढातले ते पहिले धडे ऐकले. पुन्हा ऐकले. आवाज त्यांना नेहमीसारखाच वाटला. कुठं घोगरेपणा नाही, कुठं खोकला नाही.

म्हणजे फायली नेणाऱ्याला त्या आवाजात असं काहीतरी ऐकू आलं होतं, जे त्यांच्या कानांना ऐकू येत नव्हतं. आजारी पडत चाललेला आवाज त्यानं वेगळा काढला होता. निरोगी आवाज तेवढा उचलला होता. त्याला पुस्तकं नको होती. त्याला आवाज हवा होता.

दुपारी त्या एसटीच्या थांब्याजवळून जात होत्या. बाकड्यावर हर्षाली बसली होती. पहिल्या वर्षाची अंध मुलगी, कानात इअरफोन, ओठ हलत होते.

"काय ऐकतेस गं, हर्षाली?"

ती दचकली. "गाणी, मॅडम."

संघप्रिया पुढं गेल्या आणि चार पावलांवर थांबल्या. हर्षाली पुन्हा पुटपुटू लागली होती. शब्द स्पष्ट ऐकू येत होते. निजामाच्या काळातली जमीन मोजणी, आणि शेतसाऱ्याची पद्धत; इतिहासाच्या पुसल्या गेलेल्या धड्यांतलं. असल्या ओळींची गाणी कुणी करत नाही.

संघप्रिया तिथंच कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. सोमवारपासून आरडाओरडा कुणी केला होता? मोटे सरांनी. स्वामी साहेबांनी. परीक्षा तोंडावर आलेली असताना ज्यांची पुस्तकं गेली, त्यांतलं एकही पोरगं तक्रार घेऊन आलं नव्हतं. त्यांच्या खिशात, त्यांच्या मोबाइलमध्ये ती पुस्तकं आधीच पोचली होती. ज्यानं सर्व्हर रिकामा केला, त्यानं आधी मुलांची सोय लावली होती.

शनिवारी त्या खोलीत जे जे होते, त्यांतल्या एकेकाला संघप्रियांनी मनात बाजूला केलं. मोटे सरांना फायली हव्या होत्या, पुसलेल्या नको होत्या. शिवाय त्यांच्या स्वतःच्या लॉगिननं काहीही करता येत होतं. उत्कर्षलाही तसंच. दुसऱ्याच्या नावाची गरज त्यालाच, ज्याच्या स्वतःच्या नावाला काहीच अधिकार नाहीत. म्हणजे विद्यार्थी. राजेश्वरीताईंना तर काय पुसलंय तेही माहीत नव्हतं. आणि विद्यार्थ्यांतही, ताईंचा जिवंत आवाज ज्यानं रोज समोर बसून ऐकला असेल त्यालाच तो कुठून बदलला हे कळणार. पहिल्या वर्षाची पोरं आली तेव्हा ताई बोलायच्या बंद झाल्या होत्या.

असं एकच नाव होतं.

५

निकिता नलवडे परंड्याची. जन्मापासून अंध. बी.ए. इथंच केलं, आता एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. संघप्रियांनी तिला ऐकायच्या खोलीत बोलावलं, शेजारी बसल्या आणि काही न विचारता इतिहासाच्या उरलेल्या धड्यांतला पहिला धडा लावला.

खोलीभर राजेश्वरीताईंचा आवाज पसरला. निकिताचे हात मांडीवर स्थिर होते. "त्या काळी..." आवाज वाचत होता.

"कसा वाटतो?" संघप्रियांनी विचारलं.

"चांगलाय की."

"मला पण चांगलाच वाटतो. मी दोनदा ऐकला. मला काही फरक कळेना."

धडा पुढं सरकत गेला. मग एका शब्दाशी निकिताची बोटं आपोआप आवळली गेली.

"इथं," ती इतक्या हळू म्हणाली की संघप्रियांना वाकावं लागलं. "'काळ' म्हनताना. 'ळ' आला की ताईंची जीभ मागं जायला घाबरतीया. आधी असं नव्हतं. याच धड्यापासनं सुरू झालं."

संघप्रियांनी आवाज बंद केला.

"मला कळलं हुतं, मॅडम," निकिता म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता. "डॉक्टरला कळायच्या लई आधी. मला वाटलं सर्दी झाली आसंल. मी बोलले न्हाय. बोलले असते तर ताई दवाखान्यात गेल्या असत्या. आवाज राहिला असता."

संघप्रियांनी तिचा हात हातात घेतला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

शस्त्रक्रिया झाल्यावर ताई परत आल्या. पाटीवर लिहायच्या. निकिताला पाटी दिसायची नाही. एकीला बोलता येत नव्हतं आणि दुसरीला वाचता येत नव्हतं. मोबाइलवर टाइप केलं की मोबाइल वाचून दाखवतो, तेही करून पाहिलं. पण त्या मोबाइलमधल्या बाईला धड मराठी येत नव्हती. 'बाळ' म्हणायचं तर 'बाल' म्हणायची. ताईंनी दोनदा वापरलं आणि ठेवून दिलं. तेव्हापासून त्या नुसता निकिताचा हात दाबायच्या आणि जायच्या.

"मग सरांनी ती मोटारीची जाहिरात ऐकवली. ताईंच्या आवाजात! म्हनलं, हे जमतंय तर ताईंसाठी का करू नये? उत्कर्षला विचारलं. तो म्हनला, आपल्याच संगणकावर करता येतंय, फुकट. पर त्याला वाटलं मी परवानगी घेतलीया. त्याला काय करू नका, मॅडम. फायली मी आणून दिल्या. चांगल्या आवाजाच्या तेवढ्या. खराब झालेल्या घेतल्या तर यंत्र पण आजारीच बोलंल, असं तो म्हनला."

"आणि सर्व्हरवरच्या पुसल्या का?"

"मंगळवारी सर कंपनीला देणार हुते. आजारी आवाज कुनी न्हेणार न्हाय, म्हनून तो ठेवला. बाकीचा हार्डडिस्कवर हाय. सगळा. एक शब्द गेलेला न्हाय."

"ताईंचा पासवर्ड?"

"त्यांनीच सांगितलेला, मागं. रात्री खोली बंद झाल्यावर धडा लागला तर बाहेरून उघडता यावा म्हनून. त्या तवा बोलायच्या."

संघप्रियांनी लावलेल्या सगळ्या पाट्या याच एका गोष्टीसाठी होत्या, आणि ती गोष्ट इतक्या मायेपोटी मोडली गेली होती की रागवायचं कुणावर हे त्यांना कळेना.

"निकिता, मोटे सरांनी ताईंना न विचारता त्यांचा आवाज दिला. बरोबर?"

"व्हय. म्हनून तर..."

"तू विचारलंस?"

निकिताचा चेहरा पांढरा पडला. हा प्रश्न तिच्या मनात कधी आलाच नव्हता.

६

प्रयोगशाळेतला तापलेला संगणक व्हायरस तपासत नव्हता. उत्कर्षनं ते लगेच कबूल केलं. शनिवारपासून तो संगणक राजेश्वरीताईंचा आवाज शिकत होता, आणि त्या दुपारी त्याचं शिकून झालं होतं.

संघप्रियांनी आधी हार्डडिस्क ताब्यात घेतली, फायली परत जागेवर ठेवल्या, आणि वेगळ्या डिस्कवर एक प्रत करून आपल्या कपाटात कुलपात घातली. मग त्या स्वतः जाऊन राजेश्वरीताईंना घेऊन आल्या. वाटेत सगळं सांगितलं.

प्रयोगशाळेत निकिता भिंतीला टेकून उभी होती. उत्कर्षनं काहीतरी टाइप केलं आणि बटण दाबलं.

"नमस्कार. मी राजेश्वरी तांबारे."

ताईंचा हात गळ्याच्या रुमालावर गेला. त्या संगणकाकडं बघत राहिल्या. ओठ हलले, पण आवाज उमटला नाही.

"ताई काय करायल्यात?" निकितानं घाबरून विचारलं. "मॅडम, सांगा की. ताई काय करायल्यात?"

राजेश्वरीताई वळल्या आणि दार उघडून निघून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात लांब लांब जात राहिला. निकितानं तो शेवटपर्यंत ऐकला.

शुक्रवारच्या बैठकीत संघप्रियांनी अहवाल ठेवला. त्यात काही लपवलं नव्हतं. निकितानं दुसऱ्याच्या लॉगिननं फायली काढल्या, हे होतं. उत्कर्षनं विद्यापीठाचा संगणक न विचारता वापरला, हे होतं. बॅकअपची पत्रं वर्षानुवर्षं पडून राहिली आणि संघप्रियांनी ती पुन्हा रेटून धरली नाहीत, हेही होतं. आणि एका कर्मचारी बाईचा आवाज तिला न विचारता बाहेर देण्याचं ठरलं होतं, हे सगळ्यात वर होतं.

स्वामी साहेबांनी अहवाल वाचून बाजूला ठेवला. "ओव्हाळ मॅडम, पोलिसांत द्यावं असं यात काय आहे?"

"फायली इमारतीबाहेर मुलांच्या मोबाइलपुरत्याच गेल्यात, साहेब, आणि त्या त्यांच्यासाठीच वाचलेल्या आहेत. सगळं परत जागेवर आहे. शिक्षा इथल्या इथं करावी."

मोटे सर उभे राहिले. "करार मी मागं घेतो. कंपनीला नमुनाही पुसून टाकायला लावलाय, तसं लेखी मागवलंय. मला खरंच वाटलं होतं, पोरांना चांगली यंत्रं मिळतील." थोडं थांबून ते म्हणाले, "ताईंची माफी मागायला गेलो होतो. त्यांनी चहा पाजला."

निकिताला परीक्षेपर्यंत सर्व्हरवर जायला बंदी झाली आणि लेखी माफी द्यावी लागली. ती तिनं ब्रेलमध्ये दिली. स्वामी साहेबांना वाचता आली नाही, पण त्यांनी ती घेतली. उत्कर्षला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. वेगळ्या बॅकअपला त्याच बैठकीत मंजुरी मिळाली. सोमवारी सगळ्या विद्यापीठानं पासवर्ड बदलले. संघप्रिया टेबलाटेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या म्हणून बदलले.

राहिला होता तो संगणकात शिकून बसलेला आवाज. त्याचं काय करायचं हे ताईंनीच ठरवायचं होतं. संघप्रियांनी त्याला कुलूप लावून ठेवलं आणि ताईंना एवढंच सांगितलं, "पुसायचा म्हणालात तर तुमच्यासमोर पुसू." ताईंनी मान हलवली. पाटीवर काही लिहिलं नाही. सगळा आठवडा त्या आल्या, पुस्तकं लावली आणि गेल्या. निकिता ऐकायच्या खोलीत जाईना. वसतिगृहात जेवायलाही येईना, असं हर्षालीनं सांगितलं.

पुढच्या बुधवारी दुपारी राजेश्वरीताई संघप्रियांच्या दारात आल्या. पाटीवर लिहिलं होतं, 'पोरीला बोलवा. आवाज चालू करा.'

संघप्रियांच्याच खोलीत उत्कर्षनं संगणक मांडला. निकिता आली, दाराशीच थांबली. ताईंनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि समोर बसून टाइप करू लागल्या. बोटं अडखळत होती. पुसत होत्या, पुन्हा लिहीत होत्या. खोलीत नुसता कळफलकाचा टकटक आवाज.

मग ताईंनी स्वतःच बटण दाबलं.

"मलाबी कळलं हुतं, निकिता."

पुस्तकी मराठीवर वाढलेला तो आवाज घरच्या बोलीत जरा चाचपडला, पण आवाज ताईंचाच होता. तोच ऊबदार, मधूनच हसू लपवणारा.

"ते 'ळ' अडकायला लागलं तवाच कळलं हुतं. पर तुमच्या परीक्षा हुत्या. म्हनलं, एवढं पुस्तक उरकू आन् मग जाऊ दवाखान्यात. मीच गेले न्हाय. तुझी काय चूक न्हाय, बाळ."

'बाळ' त्यानं नीट म्हटलं.

निकितानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती हुंदके देऊन रडू लागली. उत्कर्ष खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. संघप्रियांनी चष्मा काढला तो परत घातलाच नाही. राजेश्वरीताईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि त्या पुन्हा टाइप करत होत्या. या वेळी भराभर.

"हा आवाज माझाच राहील. माझ्याशिवाय कुनी लावायचा न्हाय. मॅडम, नवा पासवर्ड द्या, कुनालाबी सांगणार न्हाय."

"मलाही सांगू नका," संघप्रिया रडता रडता हसल्या.

ताईंनी मान डोलावली. मग निकिताकडं पाहत त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, वाचून पाहिली, आणि बटण दाबलं.

"आन् तू गं, आठ दिवस जेवली न्हाईस म्हनं. चोरी करायला बरं बळ हुतं. ऊठ, भाकरी आणलीया."